सगुणाबायचं आवतण

सगुणाबाय सध्या कुठे आहे ते मला विचारू नका. ज्यांना नक्की माहीत आहे अशी माणसं आमच्या सोसायटीत भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. कुणी म्हणतं ती खडवलीला माहेरी आहे. कुणी तिला कल्याणच्या बाजारात शेवळं विकताना पाहिलंय. आणि बी विंगच्या एक बाई आवाज खाली करून सांगतात, ती कुठेही गेलेली नाही, इथेच आहे. 'इथेच' म्हणताना त्या कंपाउंडपलीकडच्या राईकडे बघत नाहीत. मुद्दाम बघत नाहीत.

मी आपलं ती होती तेव्हा कशी होती तेवढं सांगतो. त्यात थोडा मसाला पडेल. माझा हात त्या बाबतीत सैल आहे, हे डोंबिवली पूर्वेत सगळ्यांना ठाऊक आहे.

राईपाडा हे आमचं जुनं आगरी गाव. 'आमचं' म्हणतो खरं, पण मी फ्लॅट घेऊन आलेला. गाव सगुणाबायचं. खडवलीहून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिचा नवरा काळुराम पावसाळ्यात भातात आणि उन्हाळ्यात मिठागरावर असायचा. पुढे शेतावर टॉवर आले आणि जमिनीच्या बदल्यात तिला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर घर मिळालं. ज्या खाचरात तिने चिखल तुडवला, त्याच्या बरोब्बर वर आता तिचं स्वयंपाकघर होतं. काळुराम काही त्या घरात फार टिकला नाही. मूलबाळ नव्हतं; पण धाकटी जाऊ लवकर वारली, तिचा दिपेश हिनेच वाढवला. दिपेश आता मोठा माणूस. गळ्यात जाड चेन, गाडीच्या काचेवर गावदेवीचं नाव, आणि वरच्या मजल्यावर गच्चीला लागून संगमरवरी घर.

सोसायटीची मागची भिंत आणि नाला यांच्यामध्ये राई आहे. जुन्या झाडांचा एक तुकडा. मधोमध उंबर, उंबराखाली गावदेवीचा शेंदूर फासलेला दगड. तिथली वाळकी काटकीसुद्धा गावातलं कुणी चुलीला नेत नसे. आजूबाजूचं सगळं विकलं गेलं. राईला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आता आमची बाग सांगतो. एरिका पाम, क्रोटन आणि कायम आजारी असलेलं लॉन. सगुणाबाय रोज सकाळी तिथून जाताना थांबायची, एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तशी बघायची आणि म्हणायची, "ह्या झाडांना इथली भाषा येत नाय. पाखरू येतं, बघतं, जातं."

हे सेक्रेटरींच्या बायकोने, वल्लरीने ऐकलं. वल्लरी म्हणजे हातात मोबाइल आणि डोक्यात कायम एक उपक्रम. तिने रविवार सकाळचे वर्गच सुरू केले. पार्किंगमध्ये सतरंजी, समोर सगुणाबाय, हातात एखादं रोप. सोसायटीतल्या बायका शिकू लागल्या की अडुळसा कुंपणाला लावावा, निर्गुडी उन्हात, बकुळीला घाई करू नये. कुणी ओरडली, "अगं बाई, माझ्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात!" की सगुणाबाय शांतपणे सांगायची, "पाहुनी हायेत ती. जेवतील, पंख लावतील, जातील. तुमच्या नणंदेसारखी महिनाभर नाय राहायची." त्या नणंदबाई त्याच सतरंजीवर होत्या.

शेवळं तिनेच दाखवली. मेअखेरीला उघड्या जमिनीतून, पान नाही फांदी नाही, एकदम जांभळट बोटासारखं वर येतं ते शेवळं. फुललं की मेलेल्या उंदराचा वास. भाजी मात्र अशी की माणूस ताट चाटतो; फक्त शिजवताना काकडाची आंबट फळं घालावीच लागतात, नाहीतर घसा धरतो. आमचे सेक्रेटरी रत्नदीप मोबाइलवर बघून शिकले आणि काकडाऐवजी काकडी घालून मोकळे झाले. त्यांचं तोंड सुजलं. त्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग प्रथमच वेळेवर संपली.

रोपं यायची राईतून. बायका म्हणायच्या, आम्ही जाऊन आणतो. सगुणाबाय नाही म्हणायची. ती आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आधी एकटी जायची, रोपाच्या बुडाशी हळदकुंकू आणि चिमूटभर तांदूळ ठेवायची आणि चक्क पत्ता सांगायची. "उद्या येशील काय? पाध्येबाईंकडे, तिसरा माला, उगवतीची बाल्कनी. पानी वेळेवर घालतात." सकाळी मुंग्यांनी तांदूळ नेलेले असले तर झाड 'हो' म्हणालं. जसेच्या तसे असले तर नाही. मग जगातलं काहीही झालं तरी ते रोप ती हलवायची नाही. याला ती आवतण म्हणायची.

मी एकदा चेष्टा केली. "विचारायचं काय त्यात?"

"काय भाऊ, तुमी मुलगी बघायला गेलात आनि न विचारता उचलून आनलीत काय?"

"आमच्या वेळी जवळजवळ तसंच होतं."

आमच्या सौ. बाजूलाच उभ्या होत्या. तो विनोद मला चांगलाच भोवला.

आवतणाला आणखी एक नियम होता आणि तो सांगताना सगुणाबाय हसायची नाही. एकदा बोलावलं की दुसऱ्या दिवशी आणायला जायचंच. ताप असो, लग्न असो, जायचं. नाही गेलं तर?

"तर ती आपली आपन येतात," ती म्हणायची.

काळुरामाचं उदाहरण द्यायची. तरुणपणी गुडघा धरला म्हणून त्याने निर्गुडीला आवतण दिलं आणि सकाळी कुणीतरी हळदीला हाक मारली म्हणून कळव्याला गेला. आगरी हळद म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बाबा शुद्धीवर आला तेव्हा निर्गुडी विसरला होता. काही दिवसांनी रात्री पाठीला काहीतरी टोचतंय म्हणून खाटेखाली हात घातला तर सारवलेली जमीन फोडून निर्गुडीचा कोंब. उपटला. पुन्हा आला, उशाकडे सरकून. शेवटी त्यांनी जमिनीत आळं केलं, खाटेचा एक पाय कापला आणि ती निर्गुडी घर पाडेपर्यंत त्यांच्यात झोपली. मी ही गोष्ट खोटी समजत होतो. मग एकदा सगुणाबायच्या घरी खुर्चीवरून उठताना खाटेकडे लक्ष गेलं. जुनीच खाट होती. एका पायाखाली विटा होत्या.

तर करोनानंतरच्या एका मे महिन्यात दिपेशने जाहीर केलं, राई काढायची. तिथे गावाचा हॉल, खाली पार्किंग, आणि देवीला छान टाइल्सचं मंदिर. सातबारा त्याच्या घराण्याच्या नावावर. बाकीच्या भाऊबंदांनी माना डोलावल्या. आमच्या सोसायटीतल्याही निम्म्या माना डोलल्या, कारण गाड्या फार झाल्यात.

काकी-पुतण्याचं भांडण जिन्याखालीच झालं. आम्ही काही मुद्दाम ऐकत नव्हतो. आमचं दार उघडं होतं एवढंच.

"काकी, तू समजून घे ना. झाडं तर तू घरोघरी वाटलीस. प्रत्येक बाल्कनीत एक आहे. मग इथली गेली तर काय बिघडलं?"

"लेकी नांदायला दिल्या म्हनून माहेर पाडतात काय रं?"

"तू भावनेत जाऊ नको."

"मी भावनेत नाय, मी घरात चाललीय. भात करपेल." आणि दार लागलं. दिपेश बराच वेळ त्या बंद दाराशी उभा होता. लहानपणी चोरी करून आला की असाच उभा राहायचा म्हणे.

सगुणाबायकडे दुसरं काहीच नव्हतं हे लक्षात घ्या. शेत गेलं, मिठागर गेलं, नवरा गेला. राई गेली की पुढच्या रविवारी सतरंजीवर ती काय घेऊन बसणार होती?

वल्लरीने कंबर कसली. तिला वाटलं, सगळ्या बायकांनी मिळून आवतण द्यावं, दुसऱ्या दिवशी रोपं वाजतगाजत आणावीत, फोटो काढावेत, पेपरात द्यावेत. मग दिपेशची काय टाप आहे! सगुणाबाय कां-कूं करत होती. "न्यायला याल ना पन?" एवढंच पुनःपुन्हा विचारत होती. "येणार म्हणजे काय, मावशी!" बायका म्हणाल्या. शनिवारी संध्याकाळी नटूनथटून राईत शिरल्या. प्रत्येकीने एकेक रोप निवडलं, तांदूळ ठेवले, आपापला फ्लॅट नंबर सांगितला आणि सेल्फी काढला. सगळ्यात मागे डोक्यावरून पदर घेऊन एक बाई होती. दिपेशची बायको, कल्पिता. ती रोपाशी थांबली नाही. सरळ उंबराकडे गेली, वाकली, काहीतरी पुटपुटली आणि कुणाशी न बोलता परत फिरली.

रविवारी सकाळी बायका गेल्या तर राईभोवती पत्रे ठोकलेले. दाराला कुलूप, बाहेर वॉचमन. फोटो दिपेशपर्यंत पोचले होते. थोडी बाचाबाची झाली, एकदोन घोषणा झाल्या, व्हिडिओ झाला, आणि ऊन चढलं तशा सगळ्या परतल्या. पार्किंगमध्ये पोह्यांचं पातेलं तयारच होतं.

सगुणाबाय तिथे बसून होती. तिने सगळ्यांच्या रिकाम्या टोपल्या पाहिल्या.

"आनली नाय?"

"कुलूप आहे हो मावशी. बघू पुढच्या आठवड्यात."

तिचा चेहरा इतका उतरला की मी हातातली बशी खाली ठेवली. "कुलूप तुमाला हाय गो," ती म्हणाली. "त्यांना नाय."

पहिलं आलं ते वल्लरीकडे. पार्किंगमध्ये मेलेल्या उंदराचा वास सुटला म्हणून वॉचमनने सगळीकडे शोधलं, आणि तो वल्लरीच्याच गाडीखाली वाकून एकदम मागे झाला. पेव्हर ब्लॉक उचलून शेवळं वर आलं होतं. ओल नाही, माती नाही, सिमेंटच्या फटीतून ते जांभळं बोट गाडीच्या पोटाला टेकलं होतं. वल्लरीने शेवळ्यालाच आवतण दिलं होतं.

मग ज्या त्या घरी सुरू झालं. पाचव्या माळ्यावर रबर प्लँटच्या कुंडीत कुडा उगवला, आणि रबर प्लँट कुशीला वळून मेला. एकीच्या चपलांच्या कपाटात करवंदीचे काटे. पाध्येबाईंकडे एसीच्या नळीच्या भोकातून गुंजेचा वेल आत आला. त्यांनी छाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी वामकुक्षी घेऊन उठल्या तर उशीवर गुंजा पडलेल्या. लाल, काळ्या बुबुळाच्या. वेलाला अजून फूलही नव्हतं. पाध्येबाई सांगतात, त्या सगळ्या गुंजांचं काळं टोक त्यांच्याकडे होतं.

ज्यांनी नाव-पत्ता सांगितला त्यांच्याकडेच आलं. शेजारच्या दारात काही नाही. माझ्याकडे काहीच आलं नाही म्हणून मी जरा मिरवत होतो, तर सौ. म्हणाल्या, "झाडंसुद्धा माणूस बघून येतात."

सगुणाबाय घरोघर फिरली. उपटलेलं पुन्हा येत होतं, दर वेळी बिछान्याच्या जवळ. ती बायकांना आलेल्या कोंबासमोर बसवायची, हळदकुंकू लावायला सांगायची. "म्हन, चुकलं. म्हन, यायला हवं होतं, आले नाय. आता बस." मग त्याला माती, कुंडी, पाणी. तसं केलं की ते थांबायचं, शहाण्यासारखं तिथेच वाढायचं. त्या दिवसांत आमच्या बायका जेवढं शिकल्या तेवढं सगळ्या रविवारांत शिकल्या नव्हत्या.

एकच घर राहिलं. दिपेशचं. कल्पिताने काय बोलावलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मग एके सकाळी त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीतून पांढरी मुळं वर आली. केसांसारखी बारीक, म्हातारीच्या सुटलेल्या केसांसारखी. दिपेशने हाताने ओढून काढली. हाताला ती कोमट लागली. दुसऱ्या दिवशी हॉलमधला संगमरवर तडकला. फटीतून उंबराचं पान.

मग कल्पिता रडत खाली आली. "काकी, मी झाडाला नाही बोलावलं. मी देवीला म्हटलं, तुझं घर पाडतायत, तू आमच्याकडे ये."

सगुणाबायने तिला पाणी दिलं आणि दिपेशला हाक मारली. तो आला. डोळे जागरणाने लाल, पण ताठा तसाच.

"बाला, आई निघालीय. पत्रे काढ आनि सामोरा जा. हात जोड. ती परत बसेल जागेवर."

"मूळ आहे तिथेच तोडतो ना मग. जेसीबी उद्याच्याला बोलावलाय." तो म्हणाला. "उंबर राहिला नाही की मुळं कुठून येतील?"

"तुला भीती वाटतेय. लहानपनी वाटायची तशीच."

"काकी, बस्स कर!" आणि मग एकदम हळू आवाजात, "वाटते."

पण जेसीबी त्याने थांबवला नाही. भाऊबंदांसमोर शब्द दिला होता.

त्यानंतर मी जे पाहिलं ते त्याच दिवशीचं, सकाळच्या लख्ख उन्हातलं. सगुणाबायने मला दारातूनच बोट करून बोलावलं. तिच्या उंबरठ्यावर हळदकुंकू होतं आणि चिमूटभर तांदूळ.

"कुणी ठेवले?"

"मी ज्यांच्या पुढे ठेवत आले, त्यांनीच असतील." ती जमिनीवर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून, लहान मुलीसारखी. "भाऊ, मला आवतण आलं."

मी म्हटलं, "झाडून टाक. कुणा वात्रटाचं काम आहे." वात्रटांची यादी करायची तर आधी माझंच नाव येतं, आणि मी तर ठेवले नव्हते.

"झाडायचं नाय. उत्तर द्यायचं." ती तांदळांकडे बघत राहिली. मीही बसलो. बऱ्याच वेळाने फरशीच्या कडेने मुंग्यांची एक ओळ आली. घराच्या आतून आली, तिच्या पायांवरून. एकेक दाणा उचलून ती ओळ दाराबाहेर, मागच्या भिंतीकडे निघाली. शेवटचा दाणा गेला तेव्हा सगुणाबाय उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "जा आता. मला भांडी घासायचीत."

दुसऱ्या सकाळी तिचं दार उघडं होतं. भांडी पालथी, चूल पुसलेली, खाटेवर अंथरुणाची घडी. ती नव्हती. पलीकडे राईत जेसीबी येऊन उभा होता. दिपेशने स्वतःच्या चावीने पत्र्याचं कुलूप उघडलं. आत उंबराखाली, देवीच्या दगडासमोर, सगुणाबायच्या चपला होत्या. दोन्ही नीट शेजारी, आत जाताना काढून ठेवाव्यात तशा. तोंड उंबराकडे.

कुलूप शाबूत होतं, पत्रे शाबूत होते. वॉचमन शपथेवर सांगत होता की कुणी आलं नाही.

"काकी!" दिपेश ओरडला. मग पुन्हा. जेसीबीवाल्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, "साहब, अंदर कोई औरत है तो मैं नहीं चलाएगा." दिपेश झाडांत शिरला. ते एवढंसं रान, इकडून हाक मारली तर तिकडून ऐकू यावं. तो तासन्‌तास आत फिरत होता. पोलीस आले, भाऊबंद आले, नाला धुंडाळला. काही मिळालं नाही. संध्याकाळी दिपेश बाहेर आला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पहिला पत्रा उपटला. भाऊबंदांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. जिथे काकी असेल तिथे यंत्र फिरवा असं कोण म्हणणार? त्याच संध्याकाळी त्याने उंबरापुढे हात जोडले, आणि त्याच्या घरातली मुळं जिथे होती तिथे थांबली. कल्पिताने त्यांना कुंडी दिली आहे. त्या घरात आता चप्पल घालून कुणी फिरत नाही.

मी खडवलीला जाऊन आलो. चौकशी केल्याशिवाय मला झोप लागत नाही. तिच्या भावाने मलाच विचारलं, "ताय कशी हाय?"

राई आहे. रविवारचे वर्ग वल्लरी घेते. सतरंजीवर बसायच्या आधी प्रत्येकीकडून न्यायला येण्याचं वचन घेते आणि सेल्फीला बंदी आहे. आसपासच्या सोसायट्यांतल्या बायका येतात, ठाण्याहूनही येतात. आमचं लॉन मेलं, तिथे करवंदी आहे, आणि जी पाखरं नुसती बघून जायची ती आता घरटी करतात.

आणि दरवर्षी मेअखेरीला दिपेश उंबराखाली चिमूटभर तांदूळ ठेवतो. "काकी, उद्या घरी येशील काय?" पत्ता सांगत नाही, तिला माहीत आहे. दरवर्षी सकाळी तांदूळ जसेच्या तसे. तो हात जोडतो आणि परत येतो.

यंदा, आज सकाळी, मुंग्यांनी तांदूळ नेले.

दिपेशने हे बायकोशिवाय कुणालाच सांगितलं नाही. कल्पिताने फक्त आमच्या सौ.ना सांगितलं, त्यामुळे अर्ध्या तासात सगळ्या विंगांना कळलं. आणि कल्पिताने तळमजल्यावरची सगुणाबायची ती जुनी खोली झाडून काढली, खाट घातली, खिडकी उघडली, आणि खाटेच्या उशाकडची एक फरशी स्वतःच उखडून ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. खाली काळी माती होती. खाचरातलीच.

मग ऊन डोक्यावर यायच्या आत दिपेश माझ्या दारात आला. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा पार लहान पोराचा. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात घडी केलेलं हिरवं लुगडं.

"भाऊ, आणायला चाललोय," तो म्हणाला. "यातलं काय नेऊ?"

मी त्याच्या हातातलं लुगडं घेऊन टोपलीत ठेवलं.

"दोन्ही ने," मी म्हटलं. "आणि लवकर जा रे. ती वाट बघायची नाही."